किती कॅलरी विचारण्याआधी कितवा दिवस ते विचारा : व्हायरल संसर्गातल्या अतिगंभीर रुग्णाचं ऊर्जेचं गणित

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) ठरवताना राउंडवर पहिला प्रश्न येतो, "किती कॅलरी द्यायच्या?" उत्तरही ठरलेलं असतं : पंचवीस गुणिले वजन. हे उत्तर एखाद्या दिवशी अगदी बरोबर असतं. त्याच रुग्णाला आठवडाभर आधी ते जास्त झालं असतं आणि आठवडाभरानंतर ते कमी पडतं. इन्फ्लुएंझा किंवा कोविड-१९ मध्ये फुफ्फुसं निकामी होऊन रुग्ण दोन-तीन आठवडे आयसीयूत राहतो, तेव्हा हा फरक फार महाग पडतो.

हा लेख निवासी डॉक्टर, डाएटिशियन आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनी वाचायला हरकत नाही, पण यातला कोणताही आकडा उपचार करणाऱ्या टीमला न विचारता वापरू नये.

आधी आत काय चाललंय ते

विषाणूला स्वतःचा चयापचय नसतो. तो आपल्या पेशींचाच कारखाना वापरतो. त्याच्याशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीही कामाला लागल्या की ग्लुकोज भराभर जाळतात. पण गंभीर रुग्णात ऊर्जेचं गणित बिघडवतो तो विषाणूपेक्षा शरीराचा प्रतिसाद : सायटोकाइन (दाह भडकवणारे रासायनिक निरोप), ताणाची संप्रेरकं, ताप, आणि वर आपण दिलेली स्टेरॉइडं.

डेव्हिड कथबर्टसन यांनी १९४२ मध्ये जखमी रुग्णांबद्दल लिहिताना या प्रतिसादाचे दोन टप्पे सांगितले, ओहोटी आणि भरती. आधी काही तास ते एक-दोन दिवस शरीर थंडावतं, ऑक्सिजनचा वापर घटतो. मग भरती येते. यकृत ग्लुकोज बनवत सुटतं, इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत, आणि ग्लुकोजसाठी लागणारा कच्चा माल स्नायू मोडून मिळवला जातो. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात दहा दिवसांत स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला दिसला.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं मूळ एका गोष्टीत आहे. निरोगी माणूस जेवला की यकृत ग्लुकोज बनवणं थांबवतं. गंभीर आजाराच्या सुरुवातीला ते थांबत नाही. शरीर स्वतःच स्वतःला जेवू घालत असतं, गरजेचा मोठा भाग तिथूनच भागतो, आणि हे आतलं जेवण मोजायचं साधन आपल्याकडे नाही. गरजेच्या शंभर टक्के आपण बाहेरून दिलं, तर बेरीज शंभराच्या बरीच वर जाते. मग साखर चढते, इन्सुलिन वाढवावं लागतं, यकृतात चरबी साठते. जादा कर्बोदकांची चरबी बनताना कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार होतो, आणि तो बाहेर टाकायचं काम आधीच थकलेल्या फुफ्फुसांवर येतं.

म्हणजे तापाला लंघनच बरं का? तेही नाही. २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात जिवाणूच्या संसर्गात उपास तारक ठरला, पण इन्फ्लुएंझात ग्लुकोज अडवल्यावर उंदीर दगावले. उंदरांवरून माणसाचं फीड ठरवता येत नाही हे खरं, पण व्हायरल आजारातल्या रुग्णाला दिवसेंदिवस रिकामं ठेवायला माझा हात त्यामुळे आणखी कचरतो.

पायरी १ : दोन तारखा लिहा

चार्टवर आयसीयूचा दिवस असतोच. त्याच्या शेजारी आजाराचा दिवस लिहा. बरेच रुग्ण ताप, अंगदुखी, चव गेलेली, श्वास लागतोय अशा अवस्थेत आठवडाभर घरी काढून येतात. त्या काळात काय खाल्लं हे नातेवाइकांना नेमकं विचारा. "थोडं थोडं खात होते" यावर थांबू नका. रोजच्या जेवणाच्या निम्मं, पाव, की नुसतं पाणी? व्हेंटिलेटरवर घेण्याआधी हाय फ्लो ऑक्सिजन (नाकातून जोरात दिलेला) किंवा मास्कच्या व्हेंटिलेशनवर दिवस गेले असतील तर तेही मोजा. मास्क काढला की सॅच्युरेशन पडतं, त्यामुळे जेवण राहून जातं. कागदावर 'तोंडाने आहार चालू' असतं, पोटात जवळपास काहीच नसतं.

या दोन तारखांची कामं वेगळी आहेत. किती वेगाने वाढवायचं ते आयसीयूच्या दिवसावरून ठरतं, रिफीडिंगचा, म्हणजे उपासानंतर एकदम अन्न मिळाल्याने रक्तातले क्षार कोसळण्याचा, धोका किती ते आजाराच्या दिवसावरून.

पायरी २ : कोणतं वजन?

आजारापूर्वीचं. सलाइन आणि सूज यांनी आठ-दहा किलो सहज वाढतात, आणि त्या पाण्याला कॅलरी लागत नाहीत. बेडच्या वजनकाट्यावर आज दिसलेला आकडा गणितात घेऊ नका.

रुग्ण लठ्ठ असेल तर टायडल व्हॉल्यूमसाठी (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा) उंचीवरून काढतो ते आदर्श वजन घ्या आणि त्यात जादा वजनाचा पाव भाग मिळवा. १६५ सेंमी उंचीच्या, ११० किलोच्या पुरुषाचं आदर्श वजन साधारण ६१.५ किलो येतं. जादा ४८.५ किलोंचा पाव भाग १२. म्हणजे गणितासाठी ७४ किलो धरायचं. लठ्ठ रुग्णाकडे साठा आहे म्हणून त्याचं फीड रेंगाळू देणं ही नेहमीची चूक. चरबी भरपूर असली तरी स्नायू त्याचेही तितक्याच वेगाने झिजतात.

पायरी ३ : मोजा, नाही जमलं तर अंदाज करा

सर्वांत विश्वासाचं साधन इंडायरेक्ट कॅलरीमेट्री. रुग्ण मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे यंत्र मोजतं, आणि वीअर यांच्या १९४९ च्या सूत्राने कॅलरी निघतात :

(३.९४ × ऑक्सिजन + १.११ × कार्बन डायऑक्साइड) × १.४४

दोन्ही आकडे मिलिलिटर प्रति मिनिट. एक काल्पनिक रुग्ण घेऊ, वजन ६८ किलो. ऑक्सिजन २६०, कार्बन डायऑक्साइड २१०. उत्तर १८१० कॅलरी, म्हणजे किलोला साधारण २७. दोन वायूंचं गुणोत्तर ०.८१. हे गुणोत्तर ०.६७ च्या खाली किंवा १.३ च्या वर दिसलं, तर रुग्णाचा चयापचय अजब आहे असं समजण्याआधी गळती तपासा.

श्वासाच्या ट्यूबच्या कफमधून (तिच्याभोवतीच्या फुग्याच्या कडेने) किंवा इंटरकॉस्टल नळीतून (छातीत घातलेल्या) हवा गळत असेल, ऑक्सिजनचं प्रमाण ६०-७० टक्क्यांच्या वर असेल, एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) चालू असेल, तर या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. अवघड एवढंच की व्हायरल न्यूमोनियाच्या सर्वांत आजारी रुग्णात नेमकी हीच परिस्थिती असते. मोजणीच्या आधी अर्धा-एक तास रुग्णाला हलवू नका, सक्शन नको, व्हेंटिलेटरची सेटिंग बदलू नका.

यंत्र नाही, पण व्हेंटिलेटर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन दाखवतो? मग त्या आकड्याला ८.१९ ने गुणा. वरच्या रुग्णात २१० × ८.१९ = १७२०. नव्वद कॅलरींचा फरक पडला, कारण या सूत्रात गुणोत्तर ०.८६ गृहीत धरलेलं असतं. चालण्यासारखं आहे.

यातलं काहीच नसेल तर किलोला २० ते २५ कॅलरी. हॅरिस-बेनेडिक्टसारखी समीकरणं चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतात म्हणून ती जास्त अचूक वाटतात. पण ती निरोगी माणसांवरून बनलेली आहेत, अंदाजच आहेत. तापाने एका अंश सेल्सियसला खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. गाढ सेडेशन (गुंगीची औषधं) आणि स्नायू शिथिल करणारी औषधं तो खाली आणतात. एकाच दुपारी दोन्ही घडत असतं.

पायरी ४ : आधीच जाणारी ऊर्जा वजा करा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहते. प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चरबीच्या इमल्शनमध्ये येतं, मिलिलिटरला १.१ कॅलरी. तासाला १२ मिलि चालू असेल तर दिवसाला २८८ मिलि, म्हणजे सुमारे ३१७ कॅलरी, त्याही प्रथिनाचा कण नसलेल्या. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये १७० कॅलरी. औषधं पातळ करायला कोणतं द्रावण वापरलंय तेही बघा. डायलिसिसमध्ये सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून) असेल तर त्याचीही भर पडते.

आता आपल्या ६८ किलोच्या रुग्णाचा चौथा दिवस. मोजणी नाही, म्हणून पूर्ण गरज २५ × ६८ = १७००. त्याच्या ७० टक्के ११९०. प्रोपोफॉलचे ३१७ वजा जाता उरले ८७३. मिलिलिटरला एक कॅलरी देणारं साधं फीड असेल तर तासाला ३६ मिलि. इथपर्यंत ठीक. पण अशा फीडमध्ये लिटरला साधारण ४० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे रुग्णाला मिळाली फक्त ३५ ग्रॅम, किलोला अर्धा ग्रॅम. प्रोपोफॉल चालू असेल तेव्हा जास्त प्रथिनांचं फीड किंवा प्रथिनाची भुकटी का लागते, ते इथे कळतं. प्रोपोफॉल बरेच दिवस चाललं तर ट्रायग्लिसराइडही (रक्तातली चरबी) तपासत राहा. ते ४०० च्या वर जायला लागलं तर सेडेशनचं औषध बदलण्याचा विचार करा.

पायरी ५ : सुरुवात

२४ ते ४८ तासांच्या आत, नाकातल्या नळीने, तासाला १० ते २० मिलि. नळी जागेवर असल्याची एक्स-रेने खात्री करून.

थांबायचं कधी? शॉक (रक्तदाब कोसळणं) आटोक्यात नाही आणि रक्तदाब धरून ठेवणारं नॉरअॅड्रेनालिन वाढतच चाललंय, ऑक्सिजन किंवा आम्लता सावरत नाही, आतड्याला रक्त कमी पडतंय किंवा अडथळा आहे, पोटातून रक्तस्राव चालू आहे. यातलं काही असेल तर फीड थांबवणंच योग्य. नॉरअॅड्रेनालिन स्थिर किंवा उतरतं असेल, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) खाली येत असेल, तर कमी वेगाने चालू करायला हरकत नाही. 'व्हासोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) चालू आहे' एवढ्यावर चार दिवस उपाशी ठेवू नका, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण फीडही लावू नका. शॉकमधल्या रुग्णांवरच्या २०२३ च्या न्यूट्रिरिया-३ चाचणीत पहिल्या दिवसांत किलोला ६ कॅलरी मिळालेले रुग्ण २५ मिळालेल्यांपेक्षा जास्त दगावले नाहीत. उलट ते आयसीयूतून बाहेर जायला लवकर तयार झाले आणि त्यांच्या पोटाच्या तक्रारीही कमी होत्या. त्याआधी २०१२ च्या ईडन चाचणीत फुफ्फुसं निकामी झालेल्या १००० रुग्णांत पहिले सहा दिवस थोडं फीड आणि पूर्ण फीड यांत फरक दिसला नव्हता.

पायरी ६ : वाढवणं

युरोपातल्या एस्पेन संस्थेची शिफारस मला वापरायला सोपी वाटते. पहिले दोन-तीन दिवस मोजलेल्या खर्चाच्या ७० टक्क्यांच्या आत राहा, तिसऱ्या दिवसानंतर ८० ते १०० टक्क्यांकडे जा. खर्च मोजलेला नसेल, अंदाजच असेल, तर पहिला पूर्ण आठवडा ७० टक्क्यांच्या आतच. आपला रुग्ण चौथ्या दिवशीही ७० टक्क्यांवर का होता, ते इथे कळेल.

प्रथिनांबद्दल मतं अजून टोकाची आहेत. हळूहळू किलोला १.३ ग्रॅमपर्यंत न्यावं असं एस्पेन सांगते. स्नायू झिजतायत म्हणून दुप्पट प्रथिनं ओतावीत हा मोह मोठा आहे, पण २०२३ च्या एफर्ट चाचणीत २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त देऊन फायदा झाला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत नुकसानाची चिन्हं दिसली. माझी पद्धत : पहिल्या दोन दिवसांत ०.८ च्या आत, आठवड्याअखेर १.२ ते १.३, आणि किडनी ढासळत असेल पण डायलिसिस नसेल तर घाई नाही. सततचं डायलिसिस चालू असेल तर अमिनो आम्लं गाळून जातात, तेव्हा थोडं वर जावं लागतं.

रिफीडिंग

आजाराच्या तारखेकडे इथे वळून बघायचं. आठवडाभर उपाशी पेशींना अचानक ग्लुकोज मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात फॉस्फेट पडलं की डायफ्रामचं बळ जातं, आणि "रुग्ण व्हेंटिलेटरवरून निघत नाही" अशी तक्रार सुरू होते. फीड सुरू करण्याआधी फॉस्फेट बघा, पहिले तीन दिवस रोज बघा. ते ०.६५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली, म्हणजे साधारण २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं, किंवा एकदम ०.१६ मिलिमोलने उतरलं, तर भरून काढा, तपासणी दिवसातून दोन-तीनदा करा आणि ४८ तास कॅलरी वाढवू नका. नुसतं फॉस्फेट चढवून फीड त्याच वेगाने चालू ठेवणं हा अर्धाच उपचार. थायमिन फीडच्या आधी द्यावं, १०० ते ३०० मिलिग्रॅम रोज.

साखर १४० ते १८० दरम्यान ठेवायची, इन्सुलिन १८० च्या वर गेल्यावर. कोविडमध्ये ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन रूढ झालं, त्यामुळे साखर वर राहणं अपेक्षितच आहे. पण तासाला इन्सुलिनची मात्रा वाढतच चालली, तर आधी कॅलरींची बेरीज पुन्हा करा. बऱ्याचदा जास्तीच्या फीडवर आपण इन्सुलिनचं पांघरूण घालत असतो. एक धोका नेहमी लक्षात ठेवा : फीड बंद झालं आणि इन्सुलिनचा पंप चालूच राहिला.

पालथ्या रुग्णाचं फीड

प्रोन केलं म्हणून फीड बंद करायचं कारण नाही. वळवताना थांबवा, नळीतून पोट रिकामं करा, वळवून झाल्यावर बेड डोक्याकडून १० ते २५ अंश उंच करून पुन्हा लावा. वळवण्याच्या धावपळीत पंप बंद होतो आणि सहा तासांनी कुणाच्या तरी लक्षात येतो, हे सगळ्याच आयसीयूंत घडतं. 'फीड पुन्हा सुरू' ही ओळ प्रोनच्या चेकलिस्टवरच छापा.

पोटात सहा तासांत ५०० मिलिच्या वर साचत असेल तर एरिथ्रोमायसिन शिरेतून, १०० ते २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस. ईसीजीवरचा क्यूटी कालावधी बघून, कारण इतर औषधंही तो लांबवतात. नाही जमलं तर नळी लहान आतड्यात. शिरेतून पोषण शेवटी. ४६४० रुग्णांच्या २०११ च्या इपॅनिक चाचणीत ते आठव्या दिवशी सुरू केलेले रुग्ण, लवकर सुरू केलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

दुसरा आणि तिसरा आठवडा

पहिला आठवडा सगळे जपतात. घोटाळा इथे होतो. कोविडच्या साथीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा खर्च कॅलरीमेट्रीने मोजला गेला, तेव्हा तो पहिल्या आठवड्यात अंदाजाच्या आसपास होता आणि पुढच्या दोन आठवड्यांत चढत गेला. काहींचा तर समीकरणाच्या दीडपट. आपल्या रुग्णाचा सोळावा दिवस बघा : सेडेशन उतरलंय, तो स्वतः श्वास ओढतोय, फिजिओथेरपी चालू आहे. ऑक्सिजन ३३०, कार्बन डायऑक्साइड २८०. उत्तर २३२०, किलोला ३४. आणि चार्टवर अजून नवव्या दिवसाची १७०० ची ऑर्डर चालू आहे. प्रोपोफॉल थांबल्यावर त्याच्या ३१७ कॅलरीही गेल्या, हे कुणी बघितलेलं नसतं. म्हणून सेडेशन बदललं, ताप आला-गेला, पालथं करणं थांबलं, बेडवर बसवणं सुरू झालं, की गणित नव्याने मांडायचं. काहीच बदललं नाही तरी दर दोन-तीन दिवसांनी.

या टप्प्यात दिलेलं आणि पोहोचलेलं यातली तफावतही भरून काढा. दिवसाचं लक्ष्य १५०० मिलि, म्हणजे तासाला ६२. सकाळपासून सीटी आणि ट्रेकिऑस्टॉमीपायी (गळ्यातून श्वासाची वाट करणं) बारा तासांतले सहा तास फीड बंद राहिलं, तर पोटात गेलं ३७२. उरलेले ११२८ पुढच्या बारा तासांत तासाला ९४ ने देता येतात. सिस्टरना हा वेग स्वतः वाढवायची लेखी मुभा आणि वरची मर्यादा द्या. सुरुवातीच्या दिवसांत मात्र ही पद्धत नको, तिथे राहिलं ते राहिलं.

सगळे विषाणू सारखे नाहीत

वरचं सगळं मुख्यतः श्वसनाच्या आजारांना लागू आहे. विषाणूच्या हिपॅटायटिसने यकृतच निकामी झालं असेल तर साखर चढण्याऐवजी कोसळते. तिथे ग्लुकोज सतत लागतं, आणि अमोनिया खूप वाढलेला असेल तर प्रथिनं एक-दोन दिवस मागे ठेवतात. मेंदूज्वरात झटके चालू असताना खर्च उसळतो, आणि झटके थांबवायला दिलेल्या गाढ सेडेशनने तो खाली येतो.

श्वासाची ट्यूब निघाल्यावर

ट्यूब काढली की उत्साहात नाकातली नळीही काढली जाते. घाई नको. बरेच दिवस ट्यूब असलेल्यांना गिळायला त्रास होतो, आवाज घोगरा असतो, खोकल्यात जोर नसतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत नळी राहू द्या. मग दिवसा तोंडाने आणि रात्री नळीने असं दोन-चार दिवस चालवा. तोंडाने गरजेच्या दोन-तृतीयांश जातंय हे तीन दिवस लिहून दिसलं की नळी काढा. या काळात किलोला ३० च्या आसपास कॅलरी आणि दीड ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं लागतात, व्यायामासोबत.

आणि वॉर्डात पाठवताना ट्रान्सफर नोटमध्ये फीडची एक ओळ लिहा : आजाराचा दिवस, आजारापूर्वीचं वजन, कालच्या चोवीस तासांत प्रत्यक्ष गेलेल्या कॅलरी आणि प्रथिनं, शेवटचं फॉस्फेट. वॉर्डातल्या डॉक्टरांना रुग्ण किती झिजलाय हे चादरीखाली दिसत नाही.